चौदा टेम्प्लेट आणि एक कोरा कागद

चौतिशीतल्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. माल वितरण करणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात त्यांनी सात वर्षं काम केलं. शेवटची चार वर्षं साठा आणि डिस्पॅच या दोन्हींची जबाबदारी त्यांच्याकडे होती. आई अंथरुणाला खिळली म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि दोन वर्षं घरी राहून तिचं सगळं केलं. आई आता हिंडूफिरू लागली आहे आणि गेले चार महिने त्या पुन्हा नोकरी शोधताहेत. 46 ठिकाणी अर्ज पाठवले. दोन ठिकाणांहून नकार आला, बाकीच्यांनी उत्तरही दिलं नाही. या काळात त्यांनी रेझ्युमेची 14 टेम्प्लेट डाउनलोड केली. सध्याच्या टेम्प्लेटमध्ये डावीकडे गडद निळा पट्टा आहे, त्यात गोल फोटो आणि खाली कौशल्यांच्या पट्ट्या: एक्सेल 80 टक्के, संवादकौशल्य 90 टक्के. एका मित्राने स्वतःचा रेझ्युमे पाठवून 'नाव बदल आणि वापर' असं सांगितलं, पण त्यांचं मन धजत नाही. तारखा न दाखवणारं टेम्प्लेट घेतलं तर दोन वर्षांची गॅप दिसणार नाही, असंही कुणीतरी सुचवलं आहे. त्या विचारतात: 'नेमकं कोणतं टेम्प्लेट घेऊ? तयार वाक्यं वापरणं ही फसवणूक आहे का? आणि ही दोन वर्षं लपवायची कशी?'

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं, मग सोबत जोडलेला रेझ्युमे वाचला. दोन्ही एकाच बाईने लिहिलेत यावर माझा विश्वास बसेना. पत्रात बोलता बोलता तुम्ही एक वाक्य लिहून गेला आहात: 'मी डिस्पॅचला आले तेव्हा महिन्याला पंधरा-सोळा खोकी चुकीच्या पत्त्यावर जायची, मग मी प्रत्येक मार्गाच्या वेगळ्या रंगाच्या चिठ्ठ्या लावून घ्यायला सुरुवात केली आणि ते तीन-चारवर आलं.' आता रेझ्युमेत याच कामाबद्दल काय आहे? 'डिस्पॅच व्यवस्थापनाची जबाबदारी सांभाळली. मेहनती, संघभावनेने काम करणारी, दडपणाखालीही उत्तम कामगिरी करणारी.' चिठ्ठ्या नाहीत, खोकी नाहीत, पंधराची तीन झाली हेही नाही.

असं का झालं ते तुमच्या टेम्प्लेटकडे पाहून कळतं. त्या जागी तीन ओळींचा एक चौकोन होता आणि त्यात नमुन्यादाखल असलीच वाक्यं आधीपासून भरलेली होती. तुम्ही त्याच मापाची, त्याच चालीची वाक्यं शोधून बसवलीत. टेम्प्लेटने विचारलं नाही म्हणून तुम्ही सांगितलं नाही.

म्हणूनच तुमच्या पहिल्या प्रश्नाला मी सरळ उत्तर देण्याआधी थोडी थांबते. 'कोणतं टेम्प्लेट घेऊ' असं विचारताना तुम्ही एक गोष्ट गृहीत धरली आहे: 46 दारं उघडली नाहीत ती कागदाच्या दिसण्यामुळे. दिसण्याचाही वाटा आहे, त्याकडे मी येते. पण पंधरावं टेम्प्लेट आणलंत तरी त्यात हीच वाक्यं जाणार असतील, तर सत्तेचाळिसावा अर्जही तसाच जाईल.

टेम्प्लेट वापरण्यात काही गैर नाही. मी तर त्याची बाजूच घेईन, कारण ते वाचणाऱ्याची सोय बघतं. एका जागेसाठी शे-दोनशे अर्ज समोर पडले की नाव कुठे आहे, शेवटची नोकरी कोणती, किती वर्षं केली, हे प्रत्येक कागदावर नव्याने शोधायला लागू नये, एवढाच त्याचा उपयोग. रेझ्युमे या फ्रेंच शब्दाचा अर्थच सारांश. युरोपीय संघाने 2005 मध्ये 'युरोपास' नावाने रेझ्युमेचा एक सामाईक साचा आणला आणि 2020 मध्ये त्याला नवं रूप दिलं, तेही याचसाठी: एका देशातल्या माणसाची पात्रता दुसऱ्या देशातल्या मालकाला चटकन समजावी. उमेदवार उठून दिसावा हा त्याचा हेतू नव्हता, अर्ज एकमेकांशी ताडून पाहता यावेत हा होता. उठून दिसायचं काम साच्याचं नव्हे, ते आत लिहिलेल्या मजकुराचं.

'द लॅडर्स' या नोकरीविषयक संकेतस्थळाने 2018 मध्ये, वाचणाऱ्यांच्या नजरेच्या हालचाली टिपून, एक पाहणी केली होती. भरतीचं काम करणारे लोक रेझ्युमेवर पहिली नजर सरासरी 7.4 सेकंद टाकतात असं त्यात आढळलं. हा आकडा कानावर आला की माणसं धास्तावतात आणि रंग वाढवतात, पट्टे वाढवतात. पण त्याच पाहणीत साधी मांडणी आणि ठळक मथळे असलेले रेझ्युमे सरस ठरले, गर्दी केलेले, अनेक रकान्यांचे मागे पडले. मी स्वतः बरीच वर्षं निवडीच्या कामात हे कागद चाळले आहेत, माझा अनुभव वेगळा नाही. गडद पट्टा आला की नजर आधी तिकडे जाते, आणि तुमच्या पट्ट्यात आहे काय? फोटो, छंद आणि टक्केवारी.

त्या टक्केवारीबद्दल तर मी आग्रहच धरेन: आजच काढून टाका. संवादकौशल्य 90 टक्के म्हणजे शंभरातले नव्वद कुणी मोजले? आणि एक्सेल 80 टक्के वाचून समोरच्याला पिव्होट टेबल येतं की नुसती बेरीज येते, हे कळत नाही. त्याऐवजी 'एक्सेल: साठ्याचा रोजचा ताळमेळ, व्हीलुकअप, पिव्होट टेबल' एवढं लिहिलंत की विचारणाऱ्याला प्रश्न मिळतो आणि तुम्हाला उत्तर देता येतं.

आता एक प्रयोग. मी तो तुमच्या फाइलवर केला, तुम्हीही करून बघा आणि हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आपापल्या फाइलवर करावा. पीडीएफ उघडायची, सगळा मजकूर सिलेक्ट करून कॉपी करायचा आणि नोटपॅडमध्ये पेस्ट करायचा. बस्स. तुमच्या फाइलचं काय झालं सांगते. सर्वांत वर तुमचे छंद आले. मग 'एक्सेल संवादकौशल्य टॅली' अशी सलग ओळ, टक्के गायब, कारण पट्ट्या म्हणजे नुसतं चित्र होतं. मग शिक्षणाचं साल आणि नोकरीचं पद एकाच ओळीत चिकटून आलं. तुमचा फोन नंबर कुठेच आला नाही, तो चित्राच्या आत राहिला होता.

हे महत्त्वाचं का? कारण मोठ्या कंपन्यांत, आणि आता बऱ्याच मध्यम कंपन्यांतही, अर्ज आधी एका सॉफ्टवेअरमध्ये जातो. एचआरवाले त्याला एटीएस म्हणतात. ते फाइलमधला मजकूर उपसतं, नाव, फोन, पद, तारखा, शिक्षण असे तुकडे करून खणाखणांत ठेवतं आणि भरती करणारा माणूस त्यात शब्द टाकून शोधतो. दोन रकाने, टेक्स्ट बॉक्स, चित्रं, आयकॉन, पानाच्या हेडर-फुटरमधला मजकूर, इथे ते अडखळू शकतं. सगळीच सॉफ्टवेअरं सारखी नसतात, काही दोन रकानेही नीट वाचतात. पण आपला अर्ज कुठल्याच्या हाती पडणार हे ठाऊक नसताना जोखीम कशाला घ्यायची? तुमचा नंबर वाचता आला नसेल, तर फोन येणार कुठून?

याबरोबरच एक भीतीही दूर करते, कारण तिच्या नावावर बरंच काही विकलं जातं. 'मशीन तुमचा रेझ्युमे फेकून देतं' हे वाक्य तुम्हीही पत्रात लिहिलं आहे. बहुतेक वेळा मशीन फेकत नाही, ते साठवतं, लावून ठेवतं, शोधू देतं. आपोआप बाद होण्याचा प्रकार घडतो तो जास्त करून ऑनलाइन फॉर्ममधल्या थेट प्रश्नांवर: अमुक परवाना आहे का, तमुक तारखेपासून येऊ शकाल का. त्या प्रश्नांची उत्तरं घाईत टिचक्या मारून देऊ नका. आणि जाहिरातीतले शब्द पांढऱ्या रंगात लपवून पानाच्या तळाशी पेरायची युक्ती कुणी सांगितली तर ऐकू नका. मजकूर उपसला की तो रंग जातो आणि लपवलेलं सगळं काळ्या अक्षरांत समोर येतं.

मग टेम्प्लेट कोणतं? एका रकान्याचं. वर नाव, फोन, ईमेल, आणि हे सगळं मुख्य मजकुरात, हेडरमध्ये नाही. मग दोन-तीन ओळींची ओळख. मग कामाचा अनुभव, शेवटची नोकरी सगळ्यांत वर. मग कौशल्यं, मग शिक्षण. अक्षर 10 ते 12 पॉइंटचं, चारही बाजूंना मोकळी जागा, मथळे ठळक. रंग हवाच असेल तर मथळ्यांपुरता एक. तुमच्या चौदांत असं एक नक्की असेल, बहुधा सगळ्यांत आधी नापसंत केलेलं. इंटरनेटवरची बरीच टेम्प्लेट लेटर मापाच्या कागदासाठी केलेली असतात, म्हणजे 216 गुणिले 279 मिलिमीटर. ए4 आहे 210 गुणिले 297. तुमच्याकडे ए4 कागद चालत असेल तर आधी पानाचं माप बदला आणि मग भरायला घ्या, नाहीतर सगळं बसवून झाल्यावर ओळी सरकतात.

क्रमाबद्दल थोडं जास्त बोलते, कारण टेम्प्लेट गुपचूप जो निर्णय घेतं तो हाच. तुमच्या टेम्प्लेटमध्ये शिक्षण सगळ्यांत वर आहे. ते नुकत्याच शिकून बाहेर पडलेल्या मुलांसाठी केलेलं आहे, त्यांच्यापाशी दाखवायला तेवढंच असतं आणि त्यांनी तसंच करावं. तुम्ही मात्र तेरा वर्षांपूर्वीची पदवी पहिल्या पानाच्या माथ्यावर ठेवली आणि सात वर्षांचं काम दुसऱ्या पानावर ढकललं. 1482 च्या सुमारास लिओनार्दो दा विंचीने मिलानचा सत्ताधीश लुडोविको स्फोर्झा याच्यासाठी काम मागणारं एक पत्र तयार केलं होतं. त्याचा मसुदा आजही आहे. त्यात तो क्रमाने एकेक मुद्दा मांडतो: हलके पण भक्कम पूल, वेढा पडला असता खंदकातलं पाणी उपसणं, तोफा, झाकलेले युद्धरथ. मला चित्रं काढता येतात, हे तो शेवटाकडे सांगतो. मिलानच्या त्या माणसाला तेव्हा चित्रकारापेक्षा युद्धाचं तंत्र जाणणारा हवा असणार, हे ओळखून त्याने क्रम लावला. तुमच्याकडे गोदाम चालवायला माणूस शोधणारा वाचक येणार आहे. त्याला आधी काय सांगाल?

आता त्या कोऱ्या कागदाकडे येऊ. टेम्प्लेट उघडण्याआधी एक दुपार काढा आणि साध्या वहीत, कुठलाही चौकोन समोर नसताना, सात वर्षांत काय काय केलं ते लिहून काढा. चांगलं लिहायचं नाही, नुसतं आठवायचं. सकाळी गेल्यावर पहिलं काम काय असायचं? किती माणसं हाताखाली होती? रोज किती गाड्या भरल्या जायच्या? तुम्ही यायच्या आधी काय बिघडलेलं होतं? तुम्ही रजेवर गेलात की फोन कशासाठी यायचा? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. आपल्यावाचून जे अडतं, तेच आपलं काम.

आणि मग एक साचा वापरा, पण पानाचा नव्हे, वाक्याचा. गूगलमध्ये मनुष्यबळ विभागाचे प्रमुख राहिलेले लास्लो बॉक यांनी 2014 मध्ये रेझ्युमेतल्या वाक्यासाठी एक सूत्र मांडलं होतं. आपल्या बोलीत ते असं होईल: काय साधलं, ते किती हे कशावरून कळतं, आणि कसं साधलं. तुमच्या रंगीत चिठ्ठ्यांच्या वाक्यात हे तिन्ही आधीपासून आहेत. चुका कमी झाल्या, पंधरा-सोळावरून तीन-चारवर आल्या, मार्गानुसार रंग लावून. कुणी शिकवलं नसताना तुम्ही ते बरोबर लिहिलंत, कारण त्या वेळी तुम्ही रेझ्युमे लिहीत नव्हता, मला काहीतरी सांगत होता.

प्रत्येक कामाला आकडा सापडेलच असं नाही आणि तो ओढूनताणून आणू नका. 'नव्या सहा जणांना साठा नोंदवायला शिकवलं' यात सहा पुरेसे आहेत, त्यांची कार्यक्षमता 35 टक्क्यांनी वाढली असं जोडायची गरज नाही. आकडा नसेल तर 'किती वेळा', 'कुणाबरोबर', 'कशाच्या जागी' यांतलं काहीतरी सांगा. 'वार्षिक साठामोजणी दोन दिवस गोदाम बंद न ठेवता, विभाग पाडून, चालू कामात पूर्ण केली.' यात टक्केवारी कुठे आहे? पण ज्याने गोदाम चालवलंय तो हे वाचून मान वर करेल.

क्रियापदाकडेही लक्ष असू द्या. तुमच्या सध्याच्या रेझ्युमेत 'जबाबदारी सांभाळली' पाच वेळा आलं आहे. जबाबदारी कुणीतरी दिलेली असते, ती दिली म्हणजे पार पडलीच असं नाही. 'सुरू केली', 'बदलली', 'शिकवलं', 'ताळा लावला', 'वाटाघाट केली' अशी क्रियापदं आली की त्यांच्यापुढे काय केलं ते लिहावंच लागतं.

तयार वाक्यं वापरणं ही फसवणूक का, असं विचारलंत. तुमचं मन धजत नाही याचा मला आनंद वाटतो, पण रेघ कुठे ओढायची ते नीट पाहू. दुसऱ्याने आखलेले रकाने वापरण्यात फसवणूक नाही, जसं छापील फॉर्म भरण्यात नाही. दुसऱ्याच्या वाक्याची ठेवण बघून आपलं वाक्य घडवण्यातही नाही, लिहायला आपण सगळे असंच शिकलो. प्रश्न येतो तो मजकुराचा. माझी कसोटी अशी: वाक्याच्या डोक्यावर तुमच्या मित्राचं नाव घालून बघा. तरीही ते तितकंच खरं वाटत असेल तर ते वाक्य तुमच्याबद्दल काहीच सांगत नाही. 'मेहनती आणि प्रामाणिक' कुणालाही चालतं. रंगीत चिठ्ठ्या फक्त तुम्हाला चालतात.

हीच कसोटी हल्ली एआयकडून लिहून घेतलेल्या रेझ्युमेलाही लावा. व्याकरण सुधारून घ्यायला, लांबलेलं वाक्य आवळायला त्याची मदत जरूर घ्या. पण 'माझ्यासाठी रेझ्युमे लिही' म्हटलंत तर ते गुळगुळीत वाक्यं देईल आणि कधी कधी तुम्ही न सांगितलेले आकडेही घालील. मुलाखतीत 'हे 28 टक्के कसे काढलेत?' असं विचारलं की तुमच्यासारख्या सरळ बाईची किती ओढाताण होईल, ते मला इथे बसून दिसतं.

मित्राची फाइल वापरू नका असं सांगायला आणखी एक कारण आहे, अगदी व्यवहाराचं. वर्डच्या फाइलच्या पोटात ती बनवणाऱ्याचं नाव राहतं. नाव बदललंत, मजकूर बदललात, तरी फाइल मेनूतल्या इन्फोमध्ये लेखक म्हणून तुमच्या मित्राचंच नाव दिसेल, आणि पीडीएफ केली तर पुष्कळदा तेही त्यात उतरतं. एका उमेदवाराच्या फाइलीत असं परकं नाव निघालेलं मी पाहिलं आहे. काम त्याचं स्वतःचं होतं, पण शंका एकदा आली की ती खोलीभर पसरते. इंटरनेटवरून घेतलेल्या टेम्प्लेटलाही हे लागू आहे. त्याच इन्फोमध्ये 'इन्स्पेक्ट डॉक्युमेंट' आहे, तिथून ही माहिती पुसता येते. त्याहून सोपं म्हणजे नवी कोरी फाइल उघडून मांडणी आपणच करणं. एका रकान्याचं पान करायला अर्धा तास लागतो.

आता ती दोन वर्षं. हा भाग लिहिताना तुमचं अक्षरसुद्धा बारीक झालंय असं वाटलं.

तुम्हाला सुचवलेलं ते तारखा नसलेलं टेम्प्लेट म्हणजे फंक्शनल रेझ्युमे. त्यात नोकऱ्यांऐवजी कौशल्यांचे मथळे असतात आणि कुठे, कधी केलं हे तळाशी ओझरतं येतं. निवडीच्या टेबलावर ते आलं की अनुभवी माणूस आधी तारखाच शोधतो, कारण हा प्रकार कशासाठी वापरला जातो हे त्याला पाठ असतं. म्हणजे झाकायला जावं आणि बोट तिथेच दाखवलं जावं, असं होतं. क्षेत्रच बदलणाऱ्या माणसाला यातला एक मधला मार्ग उपयोगी पडतो: वर चार-पाच ओळींत मुख्य कौशल्यं, आणि त्याखाली नेहमीप्रमाणे तारखांसह नोकऱ्या. तुम्ही तर त्याच क्षेत्रात परत चालला आहात. तुम्हाला साधा उलट कालक्रमच बरा.

आणि मुळात लपवायचं काय? तुम्ही गुन्हा केला नाहीत. नोकऱ्यांच्या यादीत सगळ्यांत वर, तारखांसह, एक ओळ टाका: 'कौटुंबिक शुश्रूषेसाठी विराम. आता पूर्णवेळ कामासाठी उपलब्ध.' आजाराचं नाव नको, खुलासा नको, माफीही नको. लिंक्डइनने 2022 मध्ये प्रोफाइलवर करिअरमधला विराम नोंदवायची सोयच केली, त्यात शुश्रूषा हे एक कारण दिलेलं आहे. इतक्या लोकांच्या आयुष्यात हे येतं म्हणूनच तो खण करावा लागला. वाचणाऱ्याला विरामाचा तितकासा त्रास होत नाही, त्याला न कळलेल्या जागेचा होतो. तारखा मोकळ्या सोडल्या की तो आपल्या मनाने त्या भरतो.

या दोन वर्षांत काही शिकला असाल, अगदी एखादा छोटा ऑनलाइन कोर्स, तर त्याच ओळीखाली तो येऊ द्या. नसाल तर नाही. आईच्या शुश्रूषेचं 'रुग्ण व्यवस्थापन आणि वेळेचं नियोजन' असं भाषांतर करू नका, हे मी कळकळीने सांगते. जे केलंत ते त्याच्या खऱ्या नावाने मोठं आहे.

पैसे देऊन रेझ्युमे लिहून घ्यावा का, हेही तुम्ही तळटीपेत विचारलंय. चांगला लेखक तुम्हाला तासभर प्रश्न विचारतो आणि तुमच्या तोंडून खोकी आणि चिठ्ठ्या काढतो. तसा कुणी असेल तर पैसे वाया जाणार नाहीत. नुसती जुनी फाइल मागून दोन दिवसांत चकचकीत नवी देणारा असेल, तर ते पंधरावं टेम्प्लेट झालं. प्रश्न विचारायचं काम तुमची जुनी सहकारी मैत्रीणही करेल. तिच्यासमोर बसा, ती विचारेल ते सांगा, आणि तिला लिहून घ्यायला लावा. स्वतःबद्दल लिहिताना जी जीभ अडते ती बोलताना अडत नाही.

नक्षीदार टेम्प्लेट कुणीच वापरू नये असं मात्र मी म्हणणार नाही. ग्राफिक डिझाइनर असाल तर मांडणी हाच तुमच्या कामाचा नमुना आहे. ओळखीतून थेट माणसाच्या हातात कागद देणार असाल तर दोन रकाने चालतील. अशा वेळी दोन प्रती ठेवा, एक हातात द्यायची, एक ऑनलाइन चढवायची साधी. फोटो जाहिरातीत मागितला असेल तरच लावा.

राहिला अर्जांचा आकडा. चार महिन्यांत 46, आणि सगळ्यांना तीच फाइल. वहीत जे उतरवाल त्याची आता एक लांबलचक मूळ फाइल करा, चार पानं झाली तरी हरकत नाही, ती कुणाला पाठवायची नाही. जाहिरात आली की तिच्यातली कामं पेन्सिलीने अधोरेखित करा आणि मूळ फाइलमधून त्यांना लागू पडणाऱ्या ओळी उचलून एक-दोन पानांचा रेझ्युमे तयार करा. जाहिरातीत 'इन्व्हेंटरी' असेल आणि तुम्ही 'साठा' लिहिलं असेल तर त्यांचा शब्द घ्या, काम तेच आहे आणि शोधणारा तोच शब्द टाकून शोधणार आहे. पहिल्या वेळी दोन तास जातील, पाचव्या वेळी वीस मिनिटं. आठवड्याला असे तीन अर्ज गेले तरी मला पुरेसे वाटतील. पाठवण्याआधी नोटपॅडचा प्रयोग दर वेळी करा. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव द्या, 'रेझ्युमे फायनल नवा 3' असं नको. पीडीएफ की वर्ड, हे जाहिरातीत सांगितलं असेल तसं. सांगितलं नसेल तर पीडीएफ, म्हणजे मांडणी हलणार नाही.

तुमच्याच पत्रातून वेचून अनुभवाचा एक मसुदा मी करून ठेवला आहे. वाक्यं तुमची आहेत, मी फक्त ओळीला लावली:

साठा आणि डिस्पॅच समन्वयक, माल वितरण कंपनी (महिना-वर्ष ते महिना-वर्ष)
मार्गानुसार रंगीत चिठ्ठ्यांची पद्धत सुरू केली, चुकीच्या पत्त्यावर जाणारी खोकी महिन्याला 15-16 वरून 3-4 वर आणली.
वार्षिक साठामोजणी गोदाम बंद न ठेवता, विभाग पाडून, चालू कामात पूर्ण केली.
नव्या सहा कर्मचाऱ्यांना साठा नोंदणी आणि गाडीभरणीचं काम शिकवलं.
परत आलेल्या मालाची वेगळी नोंदवही सुरू केली, हिशोब विभागाशी दर आठवड्याला ताळा लावला.

यातले 3-4 नेमके कोणत्या वर्षीचे आणि किती महिने टिकले, ते तुमच्या त्या जुन्या सहकारी मैत्रिणीला एकदा विचारून घ्या. आकडा पक्का झाला की ही फाइल नोटपॅडमधून काढा, फोन नंबर वर दिसतोय ना ते बघा, आणि मला पुन्हा पाठवा. मी वाचेन.